गाडीचं दावं

संतपूरच्या राघोबाला खोटं बोलता येत नसे, आणि त्याच्या ह्या गुणापायी त्याच्या बायकोची, चंद्रभागाबाईची, म्हैस तीन वर्षं गोठ्याबाहेर उभी होती. गोठ्यात ठाण मांडून बसली होती राघोबाची लाल विलायती मोटार. दोघांपुरती, टप मागं दुमडणारी, वीस मेंढ्या देऊन हैदराबादेहून आणलेली. आसपासचे नवरदेव पूर्वी तिच्यातून मिरवत. पुढे सगळ्यांना जीप हवी झाली.

"बैलांच्या कारहुणवीच्या सणाआधी ही गाडी जाईल, न्हाईतर मी म्हायेरी जाईन," २००४च्या उन्हाळ्यात चंद्रभागाबाईनं निक्षून सांगितलं. राघोबा हबकलाच. त्याला साधा चहाही करता येत नव्हता.

पण त्यांच्या घराण्यात जनावर विकताना आधी खोडी सांगायची रीत. खोडी ऐकून चार गिऱ्हाइकं चहा न पिताच पळाली. पाचवा आला हैदराबादेत नोकरी करून गबर झालेला किशनराव.

"आधी ऐका, अण्णा," राघोबा म्हणाला. "चौघांनी ढकलल्याबिगर ही हलत न्हाई. उजवीकडं वळली की हॉर्न आपोआप वाजतंय. टप सावलीत मिटतंय, पावसात उघडतंय. अन् हे डावं दार दाव्यानं बांधलंय."

"मग चांगलं काय आहे हिच्यात?"

राघोबानं डोकं खाजवून पुष्कळ विचार केला. "लाथ मारत न्हाई."

किशनराव पोट धरून हसला आणि गाडी घेतो म्हणाला. नारळ फुटला. मग राघोबानं शांतपणे दाराचं दावं सोडलं. दार थेट किशनरावच्या बुटावर पडलं.

"अहो, हे काय करायलाव?" किशनराव एका पायावर नाचत ओरडला. दुखलं की त्याची गावची बोली बाहेर येई.

"जनावर द्यावं, दावं देऊ न्हाई. घरची लक्ष्मी जाती."

किशनराव तणतणत निघाला. चंद्रभागाबाईनं धावत जाऊन म्हशीच्या गळ्यातलं दावं काढलं आणि त्या दाव्यानं दार करकचून बांधलं. "घ्या! हे म्हशीचं हाय. म्हस कुठं विकलीय आम्ही?"

चौघांनी ढकलली आणि गाडी गेली. मोकळ्या गोठ्यात म्हैस आली, गाडीचं दावं तिच्या गळ्यात पडलं. दुसऱ्या सकाळी मात्र म्हैस जागची हलेना. शेजारचे चौघं बोलावून ढकलली तेव्हा उठली, आणि दारातून उजवीकडं वळताना मोठ्यांदा रेकली.

चार दिवसांनी एसटीडी बूथवर किशनरावचा फोन आला. गाडी पहिल्या झटक्यात चालू होते, हॉर्न गप्प आहे, टप शहाण्यासारखं वागतं!

राघोबा पडेल चेहऱ्यानं घरी आला.

"तोंड कामून पाडलंय?" चंद्रभागाबाईनं विचारलं.

"आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोललो गं. खोडी तर सगळ्या दाव्यासंगट हितंच राहिल्या."

"बोललाव तर बोललाव," म्हशीला पाठीमागून रेटत ती म्हणाली. "आता या हिकडं, ढकला."