अण्णांचे वाढदिवस

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी सांगलीत, कार्यालयात होतो. तासाभराने त्यांच्या मुलाचा, संभाचा पुन्हा फोन. "श्रद्धांजलीचा फलक लावायचाय. वय किती टाकायचं रं? तू शिकलेला हाईस." ज्यांच्यामुळे मी आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो, त्यांचं वय मला माहीत नव्हतं... आणि वाढदिवस तर त्यांच्याइतके गावात कुणाचेच झाले नव्हते.

अण्णा माझे चुलत चुलते, सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. वडूजजवळच्या आमच्या गावात निवडणूक लागली की त्यांचा वाढदिवस यायचा. कधी उन्हाळ्यात, कधी दिवाळीआधी. मंडप, स्पीकर, मटणाच्या पंगती, सगळं एका पुढाऱ्याची माणसं करायची. लहानपणी मला वाटायचं, अख्खा तालुका अण्णांवर जीव टाकतो. अण्णा स्वतः माळकरी. पंगती उठेपर्यंत नवी शाल खांद्यावर घेऊन खुर्चीत बसायचे आणि मग घरी येऊन ताक-भाकरी खायचे.

मी बारावीची परीक्षा दिली त्या उन्हाळ्यात निवडणुकीच्या खर्चावर लक्ष ठेवणारं पथक कॅमेरा घेऊन मंडपात आलं. वर अण्णांच्या एकसष्टीचा फलक होता, दोन वर्षांपूर्वीचाच, नवा छापायचा कंटाळा म्हणून पुन्हा टांगलेला. पथकातल्या साहेबांनी विचारलं, "आजोबा, मागच्या निवडणुकीतही तुम्ही एकसष्टचेच होता ना?" अण्णा ताठ उभे राहिले. "आवं साहेब, मिलिट्रीतला गडी हाय मी. हुकूम आल्याबिगर म्होरं सरकत न्हाई." पंगत हसली, साहेबही हसले आणि चित्रीकरण करून निघून गेले. मला मात्र तेव्हा कळलं. प्रचाराचं जेवण उमेदवाराच्या खर्चात धरतात, अण्णांच्या वाढदिवसाचं कुणाच्याच खर्चात धरत नाहीत.

पुढच्याच महिन्यात अण्णांनी साताऱ्याला येऊन माझी कॉलेजची आणि वसतिगृहाची फी भरली. निघताना पिशवीतून एक शाल काढून माझ्या हातात दिली. "घे, हितं थंडी लय." मी त्यांच्या पाया पडलो. विचारलं काहीच नाही. पदवीचा निकाल लागला तेव्हा पेढे घेऊन गेलो आणि धीर करून म्हणालो, "अण्णा, ह्या वाढदिवसांचं तुम्हाला काय मिळतं?"

"शाल."

"आणि?"

त्यांनी पेढा मोडून अर्धा माझ्या हातावर ठेवला. मग म्हणाले, "बैलांच्या बेंदराच्या दुसऱ्या दिशी आई ववाळायची मला. ती गेली, मग कुणी केला न्हाई वाढदिस. केला तो ह्यांनीच." हे उत्तर होतं, की त्यांनी उत्तर टाळलं... मला तेव्हाही कळलं नाही.

सध्या पुन्हा निवडणुका आहेत. अण्णांच्या तेराव्याला दोन दिवस असताना त्याच पुढाऱ्याचा माणूस दारात आला. "जेवणाचं आमच्याकडं लागलं. अण्णा म्हंजे घरचं माणूस. मंडपवाल्याला बी सांगितलंय." संभाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "नको. आम्ही आमच्यापुरतं करू." तो माणूस गेल्यावर संभा म्हणाला, "फी घेताना न्हाई म्हणालास व्हय?"

"ती पेन्शनीतली होती."

"तुला कुणी सांगितलं?"

"मग कुठली होती?"

"मला बी ठावं न्हाई गड्या," तो म्हणाला, आणि किराण्याची यादी करायला बसला.

आमटी, भात आणि शिरा केला. भावकी जेवून गेली. सगळं आवरल्यावर संभाच्या बायकोने, वहिनीने, अण्णांची ट्रंक उघडली. आत शालीच शाली, घडी घालून परत प्लॅस्टिकच्या पिशव्यांत ठेवलेल्या. अण्णांनी त्यातली एकही पुन्हा अंगावर घेतली नव्हती. माझी शाल मी सांगलीहून बरोबर नेली होती, त्यांच्यात ठेवून द्यावी म्हणून. ठेवली नाही. ती पुढाऱ्याची की अण्णांची, असा दोन्ही बाजूंनी विचार करतो आणि दोन्हीकडे मला अण्णाच दिसतात.

फलकावर आम्ही वय लिहिलं नाही. शाल परत सांगलीत आहे. पांघरावी की नाही हे ठरत नाही, म्हणून झोपताना तिची घडी पायाशी ठेवतो... सकाळी उठतो तेव्हा ती अंगावर असते.