व्हिसा गेला, मंडल आलं

ऑस्ट्रेलियातून मला परत यावं लागलं, त्याच वर्षी तेलंगणातल्या आमच्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले.

मी तिकडे मास्टर्स करायला गेले होते. पहिल्या सहामाहीत दोन विषय राहिले. अभ्यासात जीव लागेना. मग एका मैत्रिणीचं ऐकून विद्यापीठ सोडलं आणि स्वयंपाकाच्या डिप्लोमाला नाव घातलं. तिथं मी खूश होते. पण ज्या पातळीच्या शिक्षणासाठी व्हिसा मिळाला, त्याच्या खालच्या पातळीवर गेलं की अट मोडते, हे मला माहीत नव्हतं. व्हिसाच्या कागदात ते स्पष्ट लिहिलेलं होतं. मी तो कागद कधी नीट वाचलाच नव्हता.

नोटीस आली : व्हिसा रद्द का करू नये? जे घडलं ते मी खरंखरं लिहून कळवलं. व्हिसा रद्द झाला.

बाबांना फोन लावला आणि रडूच फुटलं. बाबा तहसील कचेरीत गिरदावर होते. गावोगाव फिरून जमिनीच्या आणि पिकांच्या नोंदी तपासण्यात त्यांचा जन्म गेला, आणि नुकतेच ते निवृत्त झाले होते.

"काऊन रडून राह्यली? आधी कागद वाच," ते म्हणाले.

मी एकेक ओळ मराठीत सांगत गेले. ते मधूनमधून "पुढं" म्हणायचे.

"त्यात खोटं काई हाय का?"

"नाही बाबा. चूक माझीच आहे."

"मंग फैसला बरोबर हाय. सामान बांध. तुही माय अंबाडी निवडायला बसली बी."

आदिलाबादच्या बसस्टँडवर बाबा मोटरसायकल घेऊन उभे होते. त्यांचा चेहरा उतरलेला असेल असं मला वाटलं होतं, पण ते नुसते फुलले होते. रस्ताभर, सोयाबीनच्या शेतांमधून, ते वाऱ्यावर ओरडून एकच बातमी सांगत होते, "आपलं भीमपूर मंडल होऊन राह्यलं! तालुकाच म्हण! तहसील कचेरी गावातच! आधी राज्य बदललं, आंध्राचं तेलंगण झालं, आता जिल्हा तुटला. आमी रडलो का? तुहा तर एक व्हिसा गेला."

मागच्या सीटवर मी हसत सुटले. कित्येक महिन्यांनी अशी हसले असेन.

दसऱ्याला मंडल सुरू झालं. कचेरीच्या दारात तोरण, डफडं, एकमेकांना आपट्याचं सोनं देणारी माणसं. नवे तहसीलदार वरंगलकडचे, तेलुगू बोलणारे. आमचं गाव महाराष्ट्राच्या सीमेला लागून, गावकऱ्यांची सारी कैफियत मराठीत. दुसऱ्या दिवशी बाबा मला कचेरीत घेऊन गेले. माझी शाळा तेलुगूत झाली होती, म्हणून मी दोन्हीकडचं बोलणं जुळवून देऊ लागले.

एक मावशी पेन्शनचा अर्ज घेऊन आल्या. त्या अंगठा उठवणार, तेवढ्यात मी त्यांचा हात धरला.

"थांबा मावशी, अटी ऐका पहिले."

"बाई वं, कोनी वाचते का ते?"

"मी वाचते ना." आणि शेवटच्या ओळीपर्यंत सगळं मराठीत वाचून दाखवलं. दर वर्षी हयातीचा दाखला दिला नाही तर पेन्शन बंद होते, हे त्यांना तेव्हाच कळलं. त्यांनी ते माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं.

तहसीलदारांनी विचारलं, "इतकं बारकाईनं वाचायला कुठं शिकलीस?"

मी मान खाली घातली. बाबांनी छाती पुढे काढून तेलुगूत उत्तर दिलं, "साहेब, हिचा व्हिसा रद्द झालाय. ऑस्ट्रेलियाचा!"

पदवी सांगावी तसं ते बोलले. तहसीलदार हसले, मावशी न कळताच हसल्या, आणि मीही. त्या दिवसापासून कोणी विचारलं तर मी मान खाली घातली नाही.

पुढं परीक्षा देऊन मी महसूल खात्यातच लागले; सध्या बोथ मंडलाच्या कचेरीत असते. आई मात्र अजूनही पाहुण्यांना सांगते की भीमपूरचं मंडल झालं आणि कचेरीत माणूस पाहिजे होतं, म्हणून पोरीला तिकडून बोलावून घेतलं.