राणीची दिवसपाळी

"मॅडम, राजाचं ठीक आहे. राणी अंड्यावर बसून नाई राह्यली," मारोतभाऊ म्हणाले.

मी कुंपणाबाहेर उभी होते आणि आत कसं शिरायचं याचा विचार करत होते. मी सरकारी पशुवैद्यक. सेलू तालुक्यातल्या गाई, बैल, शेळ्या, कोंबड्या हे माझं रोजचं गिऱ्हाईक. माझ्यापेक्षा दोन हात उंच असलेला आफ्रिकेतला पक्षी आजवर माझ्या ड्यूटीत आलेला नव्हता. पण फोन आला की जावं लागतं. त्या बाबतीत सरकारी डॉक्टर आणि अग्निशमन दल सारखेच.

जागा सिंदीजवळची. तिथे पूर्वी जिनिंग होतं, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करून रुई काढायचा कारखाना. तो बंद पडला. मग कारखान्याच्या मालक शेठनी त्या कंपाउंडमध्ये ॲग्रो टुरिझम काढलं. पत्र्यांवर सिंह, जिराफ, झेब्रे रंगवून घेतले आणि जिवंत म्हणून शहामृगांची एक जोडी आणली, राजा आणि राणी. शाळांच्या सहली येतील हा हिशोब. सहली थोड्या आल्या. मुलं "हा डोकं वाळूत खुपसतो ना?" असं विचारायची आणि शेठ बिनधास्त "हो" म्हणायचे. खरं तर शहामृग डोकं कुठेच खुपसत नाही. खड्ड्यातली अंडी चोचीने फिरवायला मान खाली घालतो, लांबून बघणाऱ्याला डोकं दिसत नाही, एवढंच.

मारोतभाऊ जिनिंगच्या काळात बैलबंडीवर होते. बंडी गेली, बैल गेले. शेठनी त्यांना पक्ष्यांवर ठेवलं. माणूस कमी बोलणारा, पण जनावराची बारीकसारीक हालचाल टिपणारा.

"बसत नाही म्हणजे काय?" मी विचारलं.

"रातच्याले राजा बसते. सकाळी उठून उभा राह्यते, तिची वाट पाह्यते. ती येतच नाई. मंग बिचारा तोच पुन्हा बसते."

हे या पक्ष्यांचं ठरलेलं असतं. नर काळा, म्हणून रात्री अंड्यांवर तो. मादी मातकट रंगाची, म्हणून दिवसा ती. उघड्या माळावर शत्रूला घरटं दिसू नये, त्यासाठी ही पाळी लावलेली. जिनिंगमध्ये वाढलेल्या मारोतभाऊंना ती लगेच समजली होती. राणीची दिवसपाळी, असंच ते म्हणायचे.

मी नागपूरला सुनंदाला फोन लावला. ती माझी कॉलेजची मैत्रीण, पक्ष्यांची सर्जन. ती म्हणाली, "समोर उभी राहू नकोस. हा पक्षी लाथ पुढे मारतो, सिंहसुद्धा जपून असतो. आधी डोक्यावर काहीतरी चढव."

मारोतभाऊंनी जुन्या स्वेटरची बाही कापून आणली. ती राणीच्या डोक्यावरून खाली ओढली, चोच तेवढी बाहेर ठेवली. शहामृगाचा डोळा त्याच्या मेंदूपेक्षा मोठा असतो. डोळा झाकला की सगळा कारभार थंड. राणी निमूट उभी राहिली. खरं सांगायचं तर इतकी निमूट राहिली की मला ते आवडलं नाही.

शहामृगाला दात नसतात. तो खडे गिळतो. कोंबडी साफ करताना जी जाड मांसल पिशवी निघते, तशीच पण मोठी पिशवी याच्या पोटात असते. त्यात हे खडे दाणा-चारा भरडतात. स्टेथोस्कोप लावला की जात्यासारखी घरघर ऐकू यायला हवी. राणीचं जातं बंद होतं. पोट हाताला घट्ट लागत होतं.

"हिनं काय गिळलंय?" मी विचारलं. "हा पक्षी चमकणारं काहीही गिळतो."

मारोतभाऊ खाली बघत राहिले. शेठ तोवर येऊन उभे राहिले होते. "सांगून टाक ना बाबा, काऊन गप आहेस?"

"पोळ्याले," मारोतभाऊ म्हणाले, "मी राजाले सजवलं होतं."

पोळ्याला त्यांच्याकडे सजवायला बैल नव्हता. शेवटच्या बैलाची झूल आणि घुंगरांची माळ पेटीत ठेवलेली होती. त्यांनी ती राजावर चढवली. राजा ऐटीत उभा राहिला, शेठनी फोटो काढले, गावातली पोरं जमली. फोटोत मागून राणीची मान लांब झालेली दिसते. संध्याकाळी माळ उतरवली तेव्हा निम्मे घुंगरू गायब होते.

"मले वाटलं दोरा तुटला. झाडून झाडून पाह्यलं, नाई भेटले. मंग समजलं. पण मी कोणाले बोललो नाई."

"वा!" शेठ म्हणाले. "म्हणजे आपल्याच हातानं मारलं तू तिले."

मला शेठचा राग आला. जनावर अजून उभं होतं.

गाईनं खिळा गिळला तर आम्ही तिच्या पोटात लोहचुंबक सोडतो, खिळा त्याला चिकटून बसतो. घुंगरू पितळी. तिथे लोहचुंबक काय करणार? नागपूरला न्यावं, तर हा पक्षी गाडीत घाबरून पाय-पंख आपटतो आणि पोचायच्या आधीच जातो. शेवटी सुनंदाच सामान घेऊन आली. जिनिंगच्या शेडमध्ये बारदान अंथरून आम्ही ऑपरेशन केलं. मारोतभाऊ राणीची मान मांडीवर घेऊन बसले. उठा म्हटलं तरी उठले नाहीत.

पोट उघडलं. घुंगरू होते. खड्यांमध्ये पडलेले, घासून लख्ख झालेले. दगडांसारखेच कामाला लागलेले. त्यांनी काहीच अडवलेलं नव्हतं.

अडवलं होतं दुसऱ्याच गोष्टीनं. पोटातून पुढे आतड्यात जाणाऱ्या तोंडाशी एक करडा, ओला बोळा बसला होता. सुनंदानं चिमट्यात धरून ओढला. तो येतच राहिला, भिजलेल्या दोरखंडासारखा.

"हे काय गं?"

मी वर्ध्याची आहे. मला विचारायची गरज नव्हती. ती रुई होती.

कारखाना बंद झाला तरी रुई कुठे जाते? गवतात अडकलेली, तारेला चिकटलेली, फरशीच्या भेगांत बसलेली. वारा आला की अंगणभर. अंड्यांच्या खड्ड्याभोवती तर तिचा थरच होता. राणी दिवसभर तिथे बसून असायची. बसल्या बसल्या चोचीला लागेल ते उचलायची. राजा रात्रीचा बसायचा, अंधारात त्याला काही दिसत नव्हतं. म्हणून राजा धडधाकट आणि राणी बारदानावर.

आम्ही पोट साफ केलं, शिवलं. पण राणी उठली नाही. एवढ्या वजनाचा पक्षी जास्त वेळ पडून राहिला की त्याचे पाय जातात, आणि पाय गेले की तो स्वतःच जातो. दुसऱ्या दिवशी दुपारी ती मेली. मारोतभाऊंनी तिच्या डोक्यावरची बाही काढून घडी केली आणि खिशात ठेवली.

मी शेठना स्पष्ट सांगितलं, "घुंगरांनी नाही गेली. रुईनं गेली. कंपाउंड साफ करून मगच पक्षी आणायला हवे होते."

"काय मॅडम, कापसानं कोणी मरते काय?" शेठ हसले. "तीन पिढ्या आमची रोटी कापसावर चालून राह्यली."

मग मी मारोतभाऊंना सांगितलं. बोळा दाखवला, घुंगरू धुऊन त्यांच्या हातात दिले. त्यांनी ऐकून घेतलं.

"तुम्ही भल्या आहा मॅडम. माह्या समाधानासाठी बोलून राह्यल्या."

ज्याच्या डोक्यावर खापर फुटायला हवं होतं तो हसत होता, आणि ज्याचा दोष नव्हता त्यानं ते आपल्या हातानं आपल्याच डोक्यावर फोडून घेतलं होतं. माझ्या पदवीत यावर औषध नाही.

पुढच्या आठवड्यात राजाला बघायला गेले. भर उन्हात मारोतभाऊ खड्ड्याशी बसले होते. अंड्यांवर तीच पोळ्याची झूल पसरलेली. भोवतालची रुई त्यांनी हातानं वेचून काढली होती, एक तंतू राहिला नव्हता.

मी एकेक अंडं अंधाऱ्या खोलीत नेऊन टॉर्चवर धरलं. आत जीव असेल तर काळी सावली दिसते. सगळी अंडी रिकामी होती. मी बाहेर आले.

"मारोतभाऊ, उठा आता. अंड्यांत काही नाही."

"माहीत आहे मले," ते म्हणाले. "पण राजाले नाई माहीत. तो सकाळी उठून वाट पाह्यते. कोणी बसलेलं दिसलं की मंग चरायले जाते. नाई तं उपाशी राह्यते."

मी झूल नीट केली आणि गाडीकडे गेले.

आता कुठेही नवीन जनावर तपासायला गेले की मी आधी जमीन बघते. ज्युनिअर डॉक्टरांनाही तेच सांगते. जनावर नंतर, जमीन आधी. एवढं शिकवता येतं. मारोतभाऊंना तिथून उठवायचं कसं, ते अजून मलाच आलेलं नाही.