थोरलीजाऊ नावाचा कुत्रा

धुकं इतकं दाट की गच्चीवर वाळत घातलेली चादर कालच्यापेक्षा जास्तच ओली झाली होती. धाकटी सून ती पुन्हा पिळायला घेणार, तोच खालून नणंद ओरडली, "वहिनी, अगं तुझी मांजर बाजारात आलीय!"

नणंदेच्या लॅपटॉपवर मांजर छपरांवरून उड्या मारत होती, मागे कुत्रा. एका हाताने भाजी ढवळत धाकटीने चार वर्षं लिहिलेला खेळ तो. भागीदारीत काढू म्हणून एका गेम कंपनीच्या मालकाने मागून नेला आणि दोन महिन्यांनी "ताई, चालणारा माल नाही हा," म्हणत हात झटकले. आता पांढरी मांजर काळी झाली होती, आणि निर्माता म्हणून पहिल्याच पडद्यावर त्याचं नाव.

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"पण तुझाच कशावरून?" नणंदेने विचारलं.

"थांब, सोलून दाखवते."

खेळ बनवायच्या ज्या तयार सॉफ्टवेअर-चौकटीवर तिने खेळ रचला होता, तिच्यात लिहिलेल्या कोडचं पार पीठ होत नाही, भरड राहते. नेमकं साधन हाताशी असलं की दाणा न् दाणा ओळखू येतो, लिहिणाऱ्याने ठेवलेल्या नावांसकट. नावं झाकायची सोय असते म्हणा, पण त्यासाठी आत डोकावावं लागतं, आणि मालकाने तेवढंही केलं नव्हतं. ही चौकट खेळ ऐन रंगात असताना मेमरीतला पसारा आवरायला थबके आणि मांजर हवेतच लटके. म्हणून धाकटीने मांजरीच्या वाटेत येणारे चाळीस दगड आधीच घडवून ठेवले होते, तेच फिरवून वापरायचे. त्याच्या खेळात तेही चाळीसच्या चाळीस जागच्या जागी होते.

तिने मालकाला फोन लावला.

"साहेब, तुमच्या खेळातल्या कुत्र्याचं आतलं नाव काय?"

"कुत्र्याला कसलं नाव? आमच्या माणसांनी रक्ताचं पाणी करून..."

"थोरलीजाऊ! उघडून बसलेय मी. तुम्ही पुरुषमाणूस, तुम्हाला जाऊ कुठली आणि त्यात थोरली?"

पलीकडे घसा खाकरला. "चिडता कशाला ताई? पुढच्या खेळात टाकू तुमचं नाव."

"ह्याच खेळात! तुमचं पुसून! मेल्या, लोकाचं पोर पळवलंस आणि नुसतं टोपडं बदललंस!"

फोन कट. ती वळली तर दारात कपड्यांची बादली घेऊन खरीच थोरली जाऊ उभी.

"कुत्र्याला माझं नाव?"

"जाऊबाई, तेव्हा आपलं बोलणं बंद होतं..."

"ते तुझं-माझं मग बघू. ह्या चोराला सोडणार आहेस का?"

"सोडते कसली!"

तिने आपली जुनी फाइल आणि त्याची फाइल शेजारी शेजारी लावली, कुत्रा न् दगड दाखवून दिले, आणि खेळ विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाला तक्रार धाडली. मागणी एकच: नाव. धाडण्याआधी तीन वेळा वाचली.

मग दोघी गच्चीवर गेल्या. थोरलीने चादरीचं दुसरं टोक धरलं.

"पीळ. त्याची मान समज."

धाकटीने असा पीळ दिला की दोघींचेही पाय भिजले.

"काय गं, फार चावरा केलायस का मला?"

"फार," धाकटी म्हणाली, आणि चादर झटकून दोरीवर टाकली.