नोराची जड काठी

सदानंद, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का रे? गुहागरला कायमचा गेल्यापासून तुझा एकच फोटो आला, त्यातही काळा चष्मा. रझियाभाभी, गुडघा जिना चढू देतो का? दाऊदभाई, साखर तपासता की नुसता बिनसाखरेचा चहा पिऊन मनाचं समाधान? आणि हाजरा, माझी धाकटी बहीण, खोकला गेला असेल तर कळव, नसेल तर आधी डॉक्टरकडे जा.

मी बरा आहे. खोलीत सदानंदची खाट अजून रिकामीच... कंपनीने दुसऱ्या कुणाला पाठवलं नाही. मी तिच्यावर कपडे पसरून ठेवतो, म्हणजे जरा भरल्यासारखी दिसते.

परवाच्या शुक्रवारी इथे आखातात बायकांच्या लीगची फायनल झाली. खेळाचं नाव कॅमोगी, खेळ आयर्लंडचा. हॉकीसारखीच काठी, पण पुढचं पातं रुंद, आणि चेंडू जमिनीवर कमी, हवेतच जास्त. चार टीम, बहुतेक सगळ्या शिक्षिका नाहीतर नर्स. ऊन उतरलं की ऑक्टोबरपासून दर शुक्रवारी संध्याकाळी झल्लाक गावाच्या वाटेवरच्या मैदानात मॅच.

मी तिथे कसा पोचलो? ऑक्टोबरात मोइरा नावाची एका टीमची कॅप्टन दोन मोडक्या काठ्या घेऊन आमच्या मीना सलमान बंदरातल्या होड्यांच्या वर्कशॉपमध्ये आली. "चाचा, फिक्स?" मी म्हटलं, "इंशाल्ला." दोन दिवसांत करून दिल्या. ती इतकी खूश झाली की पुढच्या शुक्रवारी गाडी घेऊन दारात. "यल्ला, चला चाचा, मॅच बघायला!"

तेव्हापासून जुम्याची नमाज झाली, जेवण झालं, की मी इस्त्रीचा शर्ट घालून खाली उभा. मैदानात काठ्यांची पिशवी माझ्याकडे. कुणाची पट्टी सुटली, कुणाची मूठ सैल झाली, की "चाचा!" अशी हाक. आठवड्यात मला अशी हाक मारणारं दुसरं कोण होतं?

डिसेंबरात नोराची काठी मोडली. नोरा म्हणजे टीमची सगळ्यात जास्त गोल करणारी, शाळेत गणित शिकवते. काठी तिने घरून आणलेली, अठराव्या वर्षापासूनची. नवी घेणार नाही म्हणाली. मी जीव ओतून जोडली. आत सागाची पट्टी, वरून तांब्याचे खिळे, अगदी होडीची फळी जोडतो तशी. आणि तळ जड असला की होडी डोलत नाही, म्हणून पात्याच्या टोकालाही थोडं लाकूड चढवलं. पॉलिश केल्यावर सगळ्या पोरींनी फोटो काढले.

त्यानंतर नोराचा खेळ बिघडला. चेंडू यायचा, ती काठी फिरवायची, आणि चेंडू पुढे निघून गेलेला असायचा... दर मॅचला तेच. फेब्रुवारीत मोइराने तिला बाहेर बसवलं, माझ्या शेजारी. अर्धं संत्रं माझ्या हातात देऊन ती म्हणाली, "शरीर ऐकत नाही, चाचा. या वर्षानंतर खेळ सोडते."

मी म्हटलं, "दुखतंय का कुठे?" ती म्हणाली, "कुठेच नाही. तेच तर."

फायनलच्या तीन आठवडे आधी मूठ बदलायला तिची काठी माझ्याकडे आली. शेजारी दुसरीची काठी होती. दोन हातांत दोन घेतल्या, तर नोराची केवढी तरी जड. होडीसारखी जोडली होती मी ती. होडीला कुणी हवेत फिरवत नाही!

खोलीवर नेली, रंधा मारला, खिळे काढले, टोकाचं वाढीव लाकूड उतरवलं. आता गुपचूप परत दिली असती तर कुणाला कळणार होतं? पण ती तर म्हातारी झाले म्हणून खेळ सोडायला निघाली होती. आणि सांगितलं, तर माझा शुक्रवार गेला... तीन शुक्रवार काठी माझ्याच खोलीत राहिली. ग्लू वाळायचाय, असं खोटं बोललो.

फायनलच्या दिवशी टॉस व्हायच्या आधी तिला बाजूला बोलावलं. माझ्या मोडक्या इंग्लिश-हिंदीत सांगितलं, "तुझी चूक नव्हती. काठी मीच जड केली होती."

तिने काठी एकदा फिरवली. परत फिरवली. "कधी कळलं तुम्हाला?"

"तीन शुक्रवार झाले."

ती काठी घेऊन टीमकडे गेली. मोइराने सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, "चाचा, पाण्याच्या बाटल्या भरा." मी भरल्या. भरलेल्यासुद्धा ओतून पुन्हा भरल्या, वर बघायची हिंमत नव्हती.

दुसऱ्या हाफमध्ये नोराला उतरवलं. काय सांगू... चेंडू तिच्या काठीवर येऊन थांबत होता जणू. तरी एका पॉइंटने हरलो. समोरच्या पोरी नाचत होत्या, आमच्या गवतावर आडव्या.

नोरा सरळ माझ्याकडे आली. "चार महिने मी स्वतःला म्हातारी समजत होते."

"तू चौतीसची. म्हातारा मी आहे, म्हणून कळायला उशीर झाला."

ती हसली नाही. "काठीचा राग नाही. तीन शुक्रवार गप्प बसलात, त्याचा आहे."

"असू दे. बरोबर आहे तुझं."

तिने ती काठी माझ्या पिशवीत टाकली, बाकीच्यांच्या काठ्यांबरोबर. "ऑक्टोबरपर्यंत राहील राग. मग गाडी पाठवते."

आता सगळ्या सुट्टीला आपापल्या गावी जातील. मैदान तापलंय, पाच महिने तिकडे कुणी फिरकणार नाही. पिशवी मात्र माझ्या खोलीत आहे. माझ्या हातून चूक झाली हे कळूनही कुणी मला 'खलास, आता येऊ नका' म्हटलं नाही, एवढं या परक्या मुलुखात मला पुष्कळ झालं.

पण ऑक्टोबर लांब आहे हो. आता शुक्रवारी जेवण झाल्यावर मी फोन हातात घेऊन बसणार. चार ओळी लिहा, दोन लिहा, नुसतं 'बरे आहोत' लिहिलं तरी चालेल... पण लवकर लिहा.