राक्षसांच्या बाजूचे मिस्त्री

फळी सरळ आहे की वाकडी हे बघायला सुतार एक डोळा मिटतो आणि फळीच्या टोकाशी नाक नेतो. आमचे मिस्त्री रणांगणाकडेही तसंच बघत. टेबलाशी उकिडवे बसत, कडेला हनुवटी टेकवत, डावा डोळा मिटत आणि म्हणत, "थांबा जी. आंदी जमीन पाहू द्या."

रणांगण म्हणजे आमच्या मॅनेजरसाहेबांचं जेवणाचं टेबल. आलापल्लीजवळच्या एका आरागिरणीत मी तेव्हा कारकून होतो. ऐंशी साल उलटून गेलेलं. साहेबांच्या भाच्याने विलायतेहून एक खोका आणला होता. त्यात बोटाएवढे शिशाचे घोडेस्वार, एक राजा, पंखांचा एक अजगर, फासे आणि नियमांचं जाड पुस्तक. सैन्य मोजपट्टीने हलवायचं आणि मारामारी फाशांनी करायची. साहेब सैन्यात कधी नव्हते, पण तरुणपणी भरतीच्या रांगेत उभे राहिले होते. त्या रांगेचा ताठा अजून उतरला नव्हता. असे साहेब तुम्हीही पाहिले असतील.

खोक्यात फक्त राजाचं सैन्य होतं. शत्रू साहेबांनी मिस्त्रींकडून करून घेतला. सागाच्या तुकड्यांतून मिस्त्रींनी साठ राक्षस कोरले, आणि एकासारखा दुसरा नाही. एक पाठ खाजवतोय, एक मुंडासं बांधतोय, एकाच्या कानावर विडी. साहेबांना ते विक्राळ हवे होते. मिस्त्री म्हणाले, "लढाई सुरू व्हाची हाय अजून साहेब. आताच काऊन दात दाखवतीन?"

खेळायला समोर माणूस हवा, तेही मिस्त्रीच. दर रविवारी दुपारी साहेबांकडे राजा आणि पांढरे घोडे, मिस्त्रींकडे राक्षस. यात कधी बदल झाला नाही. मिस्त्रींच्या वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली, घरात सगळे शिकायला धडपडणारे. तुम्ही एकदा तरी राजा मागून घ्या, असं मी म्हटलं तेव्हा ते हसले. "आमच्या वाट्याले हेच येतेत, बाबू. सांभाळाची सवय हाय."

नियम मी त्यांना मराठीत सांगितले होते. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. घाबरलेली तुकडी कुठे पळते? जिकडे शत्रू नाही, मोकळं असेल तिकडे. आणि पळता पळता आपल्याच माणसांवर आदळली तर? तर त्यांनीही धैर्याचा फासा टाकायचा; तीन किंवा कमी पडले की तीही पळणार.

"मंग हा खेळ मले येते," मिस्त्री म्हणाले.

लहानपणी ते रानडुकरं हुसकायच्या गावच्या हाक्यात डबे वाजवत गेले होते. हाक्यात डुकराच्या अंगावर कोणी जात नाही. तीन बाजूंना माणसं ठेवायची, गोंगाट करायचा आणि चौथी बाजू मोकळी सोडायची. साहेब नगारे वाजवल्याच्या थाटात घोडे पुढे ढकलत. मिस्त्री राक्षसांना झाडीत बसवून ठेवत आणि मोकळी बाजू फक्त नदीकडे सोडत. तीन रविवार राजाचं सैन्य निळ्या कागदाच्या नदीत बुडालं. साहेबांनी आधी फाशांना दोष दिला, मग टेबल कलतं आहे असं ठरवलं. मिस्त्रींनी पायाखाली पाचर ठोकून टेबल सरळ केलं आणि पुन्हा जिंकले.

त्याच सुमारास गिरणीत सुताराची एक कायम जागा निघाली. मिस्त्री अकरा वर्षं रोजंदारीवर होते. कायम माणसाला वसाहतीत पक्की खोली मिळे. मिस्त्रींची झोपडी आऱ्याला लागून होती, दिवसभर भुसा उडायचा, आणि त्यांच्या बायकोला दमा होता. त्यांचा अर्ज साहेबांच्या शिफारशीसाठी थांबला होता. पुढच्या रविवारी नागपूरहून मालक येणार होते आणि साहेब त्यांना लढाई दाखवणार होते.

मी मिस्त्रींना बाजूला घेतलं आणि सांगितलं की या रविवारी हरायचं. मला वाटलं, त्यांना राग येईल.

"हारतो ना," ते म्हणाले. "घरवाली झोपत नाई, बाबू. रातभर बसून राह्यते."

आणि त्यांनी मनापासून प्रयत्न केला. मी साक्षीला आहे. निम्मे राक्षस डावीकडच्या झाडीत ठेवले, निम्मे उजवीकडच्या, सगळ्यांच्या पाठी राजाच्या सैन्याकडे, म्हणजे उगाच कोणी मध्ये यायला नको. मधली वाट थेट राक्षसांच्या सरदारापर्यंत रिकामी. साहेबांनी फक्त चालत जाऊन सरदाराला गाठायचं होतं, की डाव त्यांचा. मला हायसं वाटलं. नंतर ध्यानात आलं, की दोन्ही बाजूंना माणसं आणि मध्ये वाट, हा मिस्त्रींनी हाकाच मांडला होता. वाट द्यायची तर ती कशी द्यायची, याची त्यांच्या हातांना दुसरी रीतच ठाऊक नव्हती.

साहेबांनी अख्खं सैन्य एका ओळीत त्या वाटेत घातलं, पुढे अजगर. तरीही जिंकले असते. पण मालक बघत होते. साहेबांना शौर्य दाखवायचं होतं, म्हणून जाता जाता त्यांनी अजगराला कडेच्या एका राक्षसाचा चावा घ्यायला लावला. नियमाप्रमाणे राक्षसाला उलट वार करावा लागला. मिस्त्रींनी फासा अगदी हळू सोडला. सहा पडले. जखमी अजगराच्या धैर्याचा फासा साहेबांनी टाकला. एक. दोन्ही कडांना राक्षस, समोर त्यांचा सरदार, म्हणून अजगर उरलेल्या मोकळ्या बाजूला, म्हणजे मागे वळला, आणि मागे सगळे घोडे उभे होते.

"साहेब, फासा फराळाच्या ताटाले लागला," मिस्त्री घाईने म्हणाले. "तो धरू नोका. परत टाका."

"नाही, नाही," मालक म्हणाले. त्यांना आता खेळ समजला होता. "नियम म्हणजे नियम."

तुकडीमागून तुकडी पळाली. शेवटी राजाही टेबलावरून खाली गेला. मालक डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले आणि म्हणाले, गिरणीही या सुतारालाच चालवायला देऊ या. साहेबही हसले. एकटे मिस्त्री हसले नाहीत. आडवे पडलेले घोडे ते एकेक करून उभे करत होते, जणू डाव अजून चालू आहे.

सोमवारी साहेबांनी शेरा सांगितला: कामात कुशल, परंतु वृत्ती गंभीर नाही. तो मी टंकित केला. एकही चूक झाली नाही.

जागा दुसऱ्याला मिळाली. त्या हिवाळ्यात मिस्त्रींची बायको गेली, आणि पंधरवड्याने तेही गिरणी सोडून गेले.

काही वर्षांनी राजुऱ्याजवळ ते मला दिसले. कोळशाच्या खाणीसाठी लाकडी टेकू कापत होते. मी इतकी वर्षं काही वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यांनी एका ओंडक्यावरचा भुसा झटकून मला बसायला जागा केली, माझ्या मुलाबाळांची चौकशी केली, आणि मी तोंड उघडणार तेवढ्यात म्हणाले, "इथी बरं हाय, बाबू. इथी कोनी खेळत नाई."

मग ट्रक आला आणि ते उठले.