निळं फूल आणि आमचा उडद्या

ऑक्टोबरच्या छाटणीला अवकाश होता, म्हणून दिंडोरीची द्राक्षबाग भावावर सोपवली आणि नाशिकरोडला गाडीत बसलो. माझी लेक मनीषा गढवालच्या डोंगरात अभ्यासाला गेली होती. कशाचा, असं कोणी विचारलं की मी छाती फुगवून सांगायचो, "एका फुलाचा आणि त्याची पानं खाणाऱ्या किड्याचा." पुढचं मलाही ठाऊक नव्हतं.

रेल्वे, बस, जीप, मग उभी चढण. गुडघे रडकुंडीला आले. वरच्या टपरीवर मनीषाने मंडुए की रोटी (आपली नाचणीची भाकरी) खाऊ घातली आणि दम भरला, "अण्णा, इथलं फूल तोडलं तर माझी परवानगी जाईल. हात आवरा."

सकाळी खडकात निळी पॉपी दिसली, मनीषाच्या अभ्यासाचं फूल, आणि मी चढण विसरलो. मनीषा म्हणाली, "फूल आणि भुंगेरा सारखेच. वर्षाचे आठ-नऊ महिने बर्फाखाली झोपायचं आणि थोड्या उन्हाळ्यात सगळं उरकायचं. फुलाला बी धरायचंय, भुंगेऱ्याला अंडी घालायचीत." ती पुढे गेली. मला मात्र पानांची चाळण दिसली आणि त्यावर चकचकीत भुंगेरे. हुबेहूब आमचे उडद्ये! छाटणीनंतर कोवळे कोंब फस्त करतात मेले. पहाटे वेलीखाली कापड धरून आम्ही ते झटकतो आणि रॉकेलच्या पाण्यात टाकतो. माझं उपरणं कधी खाली अंथरलं गेलं, कळलंच नाही. झटका दिला. भुंगेरे पडले, सोबत एक निळी पाकळीही.

"ए! फूल तोडना मना है!" वनरक्षक धावत आला. मनीषा मागे वळली. तिचा चेहरा पाहून मला परवानगीची आठवण झाली. पोरीचं सगळं शिक्षण मी मातीत घातलं होतं.

वनरक्षक उपरण्याकडे बघतच राहिला. "मॅडम, किडे गिनने के लिए आप भी तो ऐसे ही कपडा लगाती हो. मैं समझा, कॉलेज में सिखाया."

"कॉलेज में नहीं," मनीषा म्हणाली, "अंगूर के बाग में. इन्होंने."

तो हसला आणि मला पुन्हा हात न लावण्याची तंबी देऊन गेला. माझे डोळे भरून आले. मनीषा भुंगेरे उचलून पानांवर सोडू लागली.

"अगं, सोडती काय? लय नासाडी करत्यात!"

"इथं त्यांचं बी घर हाय, अण्णा."

घरी परतलो, छाटणी झाली, उडद्ये आले. त्यांना रॉकेलच, तिथे माया नाही. पहाटे मी कापड अंथरत असताना शेजारचे रामभाऊ म्हणाले, "एवढ्या लांब पोरगी शिकती तरी काय?"

"हेच," मी म्हणालो आणि वेल झटकली.